गेटसमोर उभी गाडी, तिला लागलेला धक्का आणि त्यावरून होणारे वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलन्यांतून आणि भुसावळ, अमळनेर, चोपडा, शहादा अशा गावांतून हे प्रश्न मला येत राहतात. गाडीच्या विम्याचे कागद करून देणं हे माझं काम. त्यामुळे भांडण झालं की लोक आधी फोटो पाठवतात, मग विचारतात. दोन हंगामांत फोन जास्त येतात. एक एप्रिल-मे, म्हणजे पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की जो तो निंबाची सावली शोधून गाडी लावतो आणि दुपारची सावली नेमकी दुसऱ्याच्या गेटवर पडलेली असते. दुसरा लग्नसराई, आखाजी (अक्षय तृतीया) आणि कानबाईच्या सणाचा, कारण तेव्हा गल्लीत पाहुण्यांच्या गाड्या मावत नाहीत. पुढचे प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रस्ता सरकारी आहे. मग दुसऱ्याच्या गेटसमोर गाडी लावली तर काय बिघडलं?

रस्ता सरकारी आहे हे खरं, पण सरकारी रस्त्यावर कुठे थांबायचं याचेही नियम आहेत. मोटार वाहन (चालन) विनियम २०१७ प्रमाणे कुठल्याही मालमत्तेची ये-जा अडेल अशी गाडी लावता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ सांगतं की इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा जागी वाहन सोडू नये. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. पार्किंगला मनाई असलेल्या जागेवरून गाडी उचलण्याचा आदेश गणवेशातला पोलीस अधिकारी कलम १२७ खाली देऊ शकतो, आणि उचलण्याचा खर्च गाडीमालकाच्या माथी बसतो.

गेटवर 'नो पार्किंग' लिहिलेलं नव्हतं, हा बचाव चालत नाही. पाटी असो वा नसो, गेट हे गेटच असतं.

२. गेटसमोर नाही, गेटच्या समोरच्या बाजूला लावली होती. तरी शेजारी चिडतात. का?

कारण त्यांची गाडी वळत नाही. सहा मीटर रुंदीची गल्ली धरा. समोरच्या भिंतीला १.७ मीटर रुंदीची कार चिकटून उभी राहिली तर उरतात ४.३ मीटर. लहान हॅचबॅकलाही वळायला साधारण ४.८ ते ५ मीटरची त्रिज्या लागते. म्हणजे गेटमधून एका दमात बाहेर निघता येत नाही, तीन-चार वेळा पुढे-मागे करावं लागतं, आणि माझ्याकडे येणारे निम्मे ओरखडे याच पुढे-मागेमध्ये लागलेले असतात.

अशी गाडी गेट थेट अडवत नसली तरी कलम १२२ मधली 'अडथळा आणि अवाजवी गैरसोय' तिला लागू शकते. धुळ्यातल्या जुन्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. नव्या लेआउटमधल्या लोकांना मात्र समोरची बाजू मोकळीच आहे असं वाटतं. गेटच्या रेषेपासून एक गाडीभर पुढे किंवा मागे सरकलात तरी बहुतेक ठिकाणी प्रश्न मिटतो.

३. माझ्याच गेटसमोर माझीच गाडी लावली तर?

गेट अडवल्याची तक्रार तुम्ही स्वतःविरुद्ध करणार नाही, एवढंच. बाकी रहदारीला अडथळा होत असेल तर नियम तुम्हालाही तेच. आणि गेटसमोरचा रस्ता तुमच्या मालकीचा होत नाही. तिथे दगड, कुंड्या, लोखंडी अँगल ठेवून जागा 'धरता' येत नाही.

४. सकाळी उठून पाहिलं तर गाडीला पोचा. पहिलं काय करू?

गाडी हलवू नका आणि पुसू नका. आपल्याकडे रात्रभरात बोनेटवर धुळीचा थर बसतो, आणि तो थर कुठल्या दिशेने पुसला गेला यावरून धक्का कुठून आला ते कळतं. आधी लांबून फोटो काढा. गाडी, नंबर प्लेट, गेट आणि रस्ता एकाच चौकटीत आले पाहिजेत. मग जवळून. मग टेप लावून मोजा आणि टेपसकट फोटो घ्या: गाडी गेटपासून किती लांब, भिंतीपासून किती, आणि ओरखडा जमिनीपासून किती उंचीवर.

उंचीचं माप लोक घेत नाहीत, पण सगळ्यात जास्त तेच बोलतं. कमरेएवढ्या उंचीवरचा आखूड, खोल चरा बहुधा दुचाकीच्या हँडलचा असतो. बंपरच्या उंचीवर सलग, आडवा घासलेला पट्टा असेल तर दुसरी कार. त्या पट्ट्यात परका रंग चिकटला असेल तर तो तसाच ठेवा, नखाने खरवडून पाहू नका. दोन दारांवरून वर-खाली जाणारी बारीक रेघ आणि परका रंग कुठेच नाही, तर किल्ली किंवा खिळा, म्हणजे कोणी मुद्दाम केलेलं (प्रश्न ६). ओरखड्यात गंज दिसला तर तो काल रात्रीचा नाही. शेजाऱ्याच्या दारात जाण्याआधी एवढं स्वतःशी नक्की करा. जुन्या पोच्याचा आळ एकदा घातला की पुढे तुमची खरी तक्रारही कोणी ऐकत नाही.

त्यानंतर आजूबाजूचे कॅमेरे बघा (प्रश्न ९), विमा कंपनीला कळवा (प्रश्न ७), आणि हे सगळं होईपर्यंत गॅरेजला टाकू नका.

५. 'तुम्ही आमच्या गेटसमोर लावली म्हणून लागली, आता भरपाई कसली?' असं ते म्हणतात. बरोबर आहे का?

नाही. सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त भांडणंही इथेच पेटतात, कारण दोन्ही बाजूंचं अर्धं खरं असतं.

गेट अडवल्याचा एक हिशेब आणि धक्क्याचा दुसरा. गाडी चुकीच्या जागी उभी होती म्हणून तिला धडकण्याची मोकळीक कोणाला मिळत नाही. दिसणारी, न हलणारी गाडी चुकवणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी. मागे घेताना तर जास्तच. म्हणून भर दुपारी, उघड्यावर उभ्या गाडीला रिव्हर्स घेताना ठोकलं तर चूक मुख्यतः ठोकणाऱ्याची धरली जाते.

पण उभं करणाऱ्याच्या वागण्याने धोका वाढला असेल तर त्याच्या वाट्याला काही भाग येतो. कायद्यात याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात आणि त्या प्रमाणात भरपाई कमी होते. हा भाग कधी वाढतो? गल्लीत दिवा नाही, गाडी गडद रंगाची आणि वळणावर उभी. किंवा मागचं टोक गेटच्या आत फूटभर घुसलेलं. किंवा मालकाला दोनदा सांगूनही त्याने हलवली नाही आणि रुग्णाला घेऊन निघताना लागली. ठरलेला टक्का कुठेही लिहिलेला नाही, प्रत्येक प्रकरण त्याच्या पुराव्यावर ठरतं. म्हणूनच प्रश्न ४ मधली मापं दोघांनीही घ्यावीत. ठोकणाऱ्याने तर आवर्जून, कारण गेट किती अडलं होतं हे गाडी हलल्यावर सिद्ध करता येत नाही.

मी मध्यस्थी करतो तेव्हा दोघांना आधी आपापली चूक तोंडाने बोलायला सांगतो. 'गाडी मी तिथे लावायला नको होती' आणि 'मी आरशात बघायला हवं होतं' ही दोन वाक्यं झाली की रकमेवर भांडण फार वेळ टिकत नाही, हा माझा अनुभव आहे.

६. शेजाऱ्याने मुद्दाम चरा ओढला, चाकाची हवा सोडली. हा गुन्हा आहे का?

हो. नुकसान करण्याच्या इराद्याने, किंवा नुकसान होणार हे माहीत असून केलेलं कृत्य म्हणजे कायद्याच्या मराठीत 'आगळीक'. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३२४ मध्ये आहे. साध्या आगळिकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नुकसान २० हजार ते १ लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, १ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून गॅरेजचं लेखी कोटेशन तक्रारीसोबत जोडा. कलमाचं पोटकलम रकमेवरून ठरतं.

इरादा हा यातला कळीचा शब्द. चुकून लागलेला धक्का कितीही मोठा असला तरी तो आगळीक होत नाही. तिथे निष्काळजीपणाचा आणि भरपाईचा प्रश्न येतो.

गेटवर 'येथे गाडी लावल्यास हवा काढली जाईल' अशी पाटी असली तरी हवा काढण्याचा अधिकार पाटीने मिळत नाही. उलट इरादा तुम्ही स्वतःच लिहून भिंतीवर लावलेला असतो. रागावलेल्या माणसाला हे पटवणं जड जातं, कारण त्याचं गेट खरंच अडलेलं असतं. पण साखळी लावणं, हवा सोडणं, वायपर वाकवणं यातलं काहीही केलं की तोवर तक्रारदार असलेला माणूस आरोपी होतो. गेट अडलं असेल तर ११२ ला फोन करा, गाडीचा फोटो वाहतूक पोलिसांकडे द्या. आणि त्याआधी गल्लीत 'भाऊ, गाडी कोणाची आहे?' असं मोठ्याने एकदा विचारा. दहात आठ वेळा मालक शेजारच्याच घरी चहा पीत असतो.

७. विमा कोणाचा लागतो, माझा की ठोकणाऱ्याचा?

तुमच्याकडे सर्वसमावेशक विमा, म्हणजे 'ओन डॅमेज' भाग असलेली पॉलिसी असेल तर उभ्या गाडीला लागलेला धक्का, अनोळखी माणसाने केलेलं नुकसान, पडलेली फांदी हे सगळं त्यातून मिळतं. ठोकणारा सापडायलाच हवा अशी अट नसते. मात्र लगेच कळवा आणि पाहणी होईपर्यंत दुरुस्ती करू नका. पूर्ण रक्कम मिळेल असं धरू नका. १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारवर १,००० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनच्या कारवर २,००० रुपये आणि दुचाकीवर १०० रुपये तुमचे जातातच. रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापतात (बंपर प्लॅस्टिकचाच असतो), काचेवर घसारा नाही. 'झीरो डेप' घेतलेली असेल तर ही कपात टळते.

तुमच्याकडे फक्त 'थर्ड पार्टी' असेल तर तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी त्यातून काही मिळत नाही. तिथे ठोकणाऱ्याची थर्ड पार्टी कामाला येते. ती दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान भरून देते: कारच्या बाबतीत ७.५ लाखांपर्यंत, दुचाकीच्या बाबतीत १ लाखापर्यंत. काही लोक हप्ता वाचवायला ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणून ठेवतात, तेव्हा पॉलिसी वाचून बघा. अडचण अशी की ही रक्कम साध्या क्लेम फॉर्मवर सहसा मिळत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो (प्रश्न १६).

दोन्हीकडून एकाच दुरुस्तीचे पैसे घेता येत नाहीत. तुमच्या विम्याने दुरुस्ती झाली तर ठोकणाऱ्याकडे फक्त तुमच्या खिशातून गेलेली रक्कम मागा.

८. पाच हजारांचं डेंटिंग-पेंटिंग आहे. क्लेम करावा का?

माझं मत: करू नका. हिशेब मांडून दाखवतो. तुमच्या ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये आहे आणि तीन वर्षं क्लेम नसल्यामुळे तुम्हाला ३५ टक्के सूट ('नो क्लेम बोनस', म्हणजेच एनसीबी) मिळते असं धरू. सुटीची पायरी २०, २५, ३५, ४५, ५० अशी चढते आणि एका क्लेमने शून्यावर येते.

क्लेम केला नाही तर पुढची पाच वर्षं ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. फरकांची बेरीज १२० टक्के, म्हणजे ८,००० च्या हप्त्यावर ९,६०० रुपये. गाडी जुनी होईल तसा हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी. आणि हातात काय येणार? पाच हजारांतून हजार वजा, वर घसारा. चार हजारसुद्धा नाहीत. 'एनसीबी प्रोटेक्ट' घेतलेलं असेल तर हिशेब बदलतो.

ठोकणाऱ्याच्या थर्ड पार्टीतून भरपाई गेली तर त्याच्या सुटीला धक्का लागत नाही, कारण ही सूट ओन डॅमेज भागावरच असते.

९. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं, पण तो फुटेज देत नाही.

त्याने तुम्हाला द्यायलाच हवं असं बंधन नाही. पोलीस तपासासाठी मागू शकतात, म्हणून तक्रारीत 'अमुक घराच्या कॅमेऱ्यात घटना दिसते' हे स्पष्ट लिहा. उशीर करू नका. डिस्क भरली की घरगुती डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा) जुन्या फुटेजवर नवं लिहितो, आणि आठ-पंधरा दिवसांत पुरावा जातो. निदान 'पुसू नका, जपून ठेवा' एवढी विनंती त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लेखी करा.

फुटेज मिळालं तर स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ समजुतीच्या बोलणीला पुरतो, कोर्टाला पुरत नाही. तिथे भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे मूळ फाइलसोबत प्रमाणपत्र लागतं. डीव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे का तेही बघून ठेवा. वीज गेल्या-आल्यावर ते चुकलेलं असतं आणि समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

१०. पोलीस म्हणतात, 'एनसी देतो.' म्हणजे टाळतात का?

तसं नाही. १ लाखाच्या आतली आगळीक अदखलपात्र (इंग्रजीत नॉन-कॉग्निझेबल, म्हणून 'एनसी') आहे. अशा तक्रारीची ठाण्यात नोंद होते, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४ तेच सांगतं. एनसीची प्रत घ्या. विम्यालाही ती उपयोगी पडते. तपास हवाच असेल तर वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मारहाण, धमकी झाली असेल तर ती वेगळी सांगा आणि वेगळी लिहायला लावा. नुकसानीच्या तक्रारीत ती विरून जाऊ देऊ नका.

११. ठोकणारा समोर आहे, पण नाव-पत्ता सांगत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३२ प्रमाणे ज्याचं नुकसान झालं त्याने मागितल्यास चालकाने आपलं आणि गाडीमालकाचं नाव-पत्ता देणं बंधनकारक आहे. मागणाऱ्यानेही स्वतःचं द्यायचं. नकार दिला तर नंबर प्लेटचा फोटो घ्या आणि ठाण्यात जा. वाटेत अडवून किल्ली काढून घेऊ नका. माणसाला अडवून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तिथून पुढे बोलणी नुकसानीवर राहत नाहीत.

१२. माझ्या हातून दुसऱ्याच्या उभ्या गाडीला लागलं आणि मालक तिथे नाही. निघून जाऊ का?

जाऊ नका. मीही एकदा पहाटे स्टेशनला निघताना समोरच्यांच्या कारचा आरसा मोडला होता. रेल्वे पकडायची घाई होती, तरी बेल वाजवली. दार उघडणाऱ्या काकूंना झोपेतून उठवल्याचं वाईट वाटलं, पण नंतर त्या घराशी माझा एका शब्दाचाही वाद झाला नाही. मालक सापडत नसेल तर आधी दोन्ही गाड्यांचे फोटो घ्या, मग नाव, नंबर आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी वायपरखाली ठेवा, चिठ्ठीचाही फोटो घ्या. शेजारच्या एका घरी सांगून ठेवा.

एक खबरदारी. विम्यातून भरपाई द्यायची असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय 'सगळी चूक माझी, पूर्ण भरून देतो' असं लिहून देऊ नका. पॉलिसीची अटच तशी असते. खिशातून देणार असाल तर ही अडचण नाही.

१३. आमचं गेट बाहेर उघडतं. उघडताना कोणाच्या तरी कारला कडी लागली. चूक कोणाची?

पहिलं बोट गेटमालकाकडे जातं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे कुंपणाचं गेट आतच उघडायला हवं, रस्त्यावर नाही. शिवाय उघडणाऱ्याला गाडी समोर दिसत होती. गाडीवाल्याने गेट अडवल्याचा मुद्दा उरतोच, पण तो प्रश्न ५ मधल्यासारखा वेगळा हिशेब. हे मोटारीच्या वापरातून झालेलं नुकसान नाही, म्हणून थर्ड पार्टी विमा इथे येत नाही. गाडीमालकाचा ओन डॅमेज किंवा गेटमालकाचा खिसा, दोनच वाटा. सरकतं गेट बसवणं किंवा बिजागऱ्या फिरवून घेणं हा कायमचा उपाय.

१४. लग्नाला आलेल्या सुरतच्या पाहुण्याची गाडी आमच्या गेटसमोर होती, निघताना आमच्या गाडीला लागली. आता ते परत गेले. कोणाला धरायचं?

खानदेशातलं निम्मं गणगोत सुरत-उधन्याला, त्यामुळे गुजरात पासिंगची गाडी हा दर लग्नसराईचा प्रश्न आहे. पाहुण्याची गाडी यजमान स्वतः चालवत नसेल तर कायद्याने तो जबाबदार नाही. जबाबदार चालक आणि गाडीचा मालक. तक्रार मात्र घटना घडली तिथल्या ठाण्यात होते आणि दाव्याचा अर्जही इथल्या न्यायाधिकरणात करता येतो. त्यासाठी सुरतेला खेटे घालावे लागत नाहीत. तरीही आधी यजमानाला मध्ये घ्या. 'नाना, तुमच्या व्याह्यांना तुम्हीच फोन लावा' एवढ्यावर बहुतेकदा पैसे येतात, कारण तिथे लाज दोन घरांची असते.

१५. ठोकणारा मुलगा सोळा वर्षांचा आहे. किंवा गाडी ज्याच्या नावावर आहे त्याने ती कधीच विकली. मग?

अल्पवयीन चालवत असेल तर कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि बारा महिने नोंदणी रद्द. हे माहीत असल्यामुळे पालक लगेच भरपाई द्यायला तयार होतात. योग्य रक्कम घ्या. मुलाच्या भीतीचा भाव लावून दुप्पट मागू नका. तसं करणाऱ्यांची मी मदत करत नाही.

विकलेल्या गाडीबद्दल: आरसी बुकवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आपल्याकडे शंभराच्या स्टॅम्पवर सही करून मोटारसायकली चार हात फिरतात आणि नाव पहिल्याचंच राहतं. धक्का चौथ्याने मारला तरी नोटीस पहिल्याच्या घरी येते.

ट्रॅक्टरचा प्रश्नही इथेच उरकतो. ट्रॉलीचा मागचा कोपरा गल्लीतल्या वळणावर गाडीला घासतो. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची नोंदणी वेगवेगळी असते, तेव्हा पॉलिसीत ट्रॉली लिहिलेली आहे का ते पाहा.

१६. समोरचा पैसे द्यायला तयारच नाही. कोर्टात जाण्यासारखं आहे का?

रकमेवर अवलंबून आहे. आधी मुदती सांगतो, कारण उशीर झाला की बाकीचं व्यर्थ. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज सहा महिन्यांत करावा, असं १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेलं कलम १६६(३) सांगतं. मोटार अपघातातल्या नुकसानीचा दावा, जिथे न्यायाधिकरण आहे तिथे, दिवाणी न्यायालयात चालत नाही, असं कलम १७५ सांगतं. मुद्दाम ओढलेला चरा किंवा गेटची लागलेली कडी अशा इतर नुकसानीसाठी दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षं.

दहा-पंधरा हजारांसाठी मी बहुतेकांना पूर्ण दावा लढायला सांगत नाही. तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज करा, म्हणजे प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकुमासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. मार्गदर्शनासाठी १५१०० हा मोफत क्रमांक आहे. गावात असाल तर तंटामुक्ती समितीला विचारा. ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. काही गावांत समिती आता नावापुरतीच आहे, पण जिथे जाणती माणसं बसतात तिथे असा तंटा एका बैठकीत मिटतो.

विमा कंपनीच क्लेम नाकारत असेल तर ती वेगळी वाट आहे: आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी, एक महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. खानदेशासाठी ते कार्यालय पुण्याला.

१७. समजुतीने पैसे घेतो आहोत. कागद करावा का?

करावा. शेजारी असलात तर नक्कीच. चार ओळी पुरतात: 'दिनांक अमुक रोजी अमुक ठिकाणी उभ्या असलेल्या वाहन क्रमांक अमुकला वाहन क्रमांक अमुकमुळे डाव्या मागच्या दाराला पोचा आला. दुरुस्तीपोटी रुपये अमुक यूपीआयने मिळाले. या घटनेबाबत दोघांची एकमेकांकडे काही मागणी राहिलेली नाही.' दोघांच्या सह्या, एक साक्षीदार. आगळिकीचा गुन्हा नोंदला गेला असला तरी नुकसान खासगी माणसाचं आणि १ लाखाच्या आतलं असेल तर कायद्याने तो आपसात मिटवता येतो.

सही करण्याआधी गॅरेजवाल्याकडून बंपर उतरवून आतलं बघून घ्या. वरून फक्त ओरखडा दिसतो आणि आत सेन्सरची क्लिप किंवा दिव्याचा कान तुटलेला असतो. 'मागणी राहिलेली नाही' असं लिहून दिल्यावर तो खर्च तुमचा.

१८. आम्ही भरपाई मागितली तर ते म्हणतात, 'तुमच्या गाडीने आमचा रॅम्प फुटला, आधी तो भरा.'

रॅम्प कुठे आहे ते बघा. बहुतेक रॅम्प प्लॉटच्या हद्दीबाहेर, नगरपालिकेच्या गटारीवर टाकलेले असतात. परवानगीशिवाय टाकलेला रॅम्प अतिक्रमण म्हणून पालिका काढू शकते. त्यामुळे त्याची भरपाई मागणारा माणूस कोर्टात फार जोर करू शकत नाही. पण गाडी मुद्दाम घालून फोडला असेल तर ते प्रश्न ६ मध्ये बसतं.

रॅम्प खरंच तुमच्या चाकाने तडकला असेल तर गवंडी बोलवा, एका पोत्याचं काम आहे की दोन पोत्यांचं ते त्याच्याकडून दोघांच्या देखत विचारा, आणि ती रक्कम तुमच्या मागणीतून वजा करा. उरलेली रक्कम प्रश्न १७ च्या कागदावर लिहा.